नाताळातील प्रश्नमंजूषा : प्रश्न, उत्तरे आणि उत्तरांचे वजन

आगमनकाळ सुरू झाला की आपल्या बहुतेक मंडळ्यांतून गायनाच्या तालमींबरोबर प्रश्नमंजूषेचीही तयारी सुरू होते. तरुण संघ, महिला मंडळ, रविवारची शाळा या सर्वांनाच ती प्रिय असते. प्रश्न काढण्याचे काम बहुधा पाळकांकडे किंवा धर्मशिक्षकांकडे येते, आणि सवडीच्या अभावी एखादी जुनी यादी, एखादे मासिक अथवा मोबाईलवरून आलेली माहिती यांवर भागवावे लागते. मग येशूचा जन्म कोणत्या गावी झाला, कोणत्या तारखेला झाला आणि त्याला भेटावयास किती मागी आले, हे तीन प्रश्न शेजारी शेजारी बसतात व तिन्हींच्या उत्तरांना सारखेच गुण दिले जातात. वस्तुतः पहिले उत्तर शास्त्रातले आहे, दुसरे मंडळीच्या इतिहासातले आणि तिसरे केवळ रूढीतले.

हा भेद क्षुल्लक नाही. २५ डिसेंबर ही तारीख शुभवर्तमानात लिहिलेली आहे असे ज्या मुलाला शिकविले जाते, त्याला पुढे महाविद्यालयात कोणीतरी ती तेथे नसल्याचे पाच मिनिटांत दाखवून देतो. त्यानंतर त्याच शिक्षकाने सांगितलेल्या गव्हाणीविषयी, वधस्तंभाविषयी आणि रिकाम्या कबरेविषयीही त्याच्या मनात शंका उभी राहते. म्हणून डिसेंबर महिना, थंडी, हिम आणि नाताळ यांविषयी नेहमी विचारले जाणारे काही प्रश्न आम्ही येथे घेतले आहेत. प्रत्येक उत्तर शास्त्राचे आहे, इतिहासाचे व निसर्गज्ञानाचे आहे, की रूढीचे आहे, हेही त्याबरोबर सांगण्याचा हेतू आहे.

१. बाराव्या महिन्याचे नाव 'दहावा' का?

लॅटिन भाषेत 'देकेम्' म्हणजे दहा. रोमी लोकांचे वर्ष पूर्वी मार्चपासून मोजले जाई. त्या हिशेबाने डिसेंबर हा दहावा महिना होता. पुढे वर्षारंभ जानेवारीकडे गेला, परंतु नाव बदलले नाही. सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर या नावांतही अनुक्रमे सात, आठ व नऊ हेच अंक दडलेले आहेत. नाव जुन्या व्यवस्थेचे आणि वापर नव्या व्यवस्थेत, असा प्रकार दिनदर्शिकेत वारंवार आढळतो. पुढील काही प्रश्नांत तो पुन्हा भेटेल.

२. वर्षातील सर्वांत लहान दिवस कोणता?

आपल्या उत्तर गोलार्धात तो २१ किंवा २२ डिसेंबर रोजी येतो. त्या दिवशी सूर्य मकरवृत्तावर असतो. आपल्या प्रदेशांतही त्या दिवसाची लांबी सर्वत्र सारखी नसते. पणजीस तो सुमारे अकरा तास बारा मिनिटांचा असतो, तर ग्वाल्हेरास साडेदहा तासांचा. बेथलेहेमास तो दहा तासांहून किंचित अधिक भरतो आणि लंडनला आठ तासांहूनही कमी. उत्तरेकडे जावे तसा हिवाळ्यातील दिवस आखडत जातो. यूरोपातील नाताळात दिव्यांना एवढे महत्त्व का आले, हे या आकड्यांवरून सहज समजते.

येथे एक चूक वारंवार होते. हिवाळ्यात पृथ्वी सूर्यापासून दूर जाते म्हणून थंडी पडते, असे पुष्कळ जण सांगतात. खरी गोष्ट याच्या उलट आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असते. जुलैच्या आरंभी ते १५ कोटी २१ लाख किलोमीटर होते. थंडीचे कारण अंतर नसून पृथ्वीच्या अक्षाचा सुमारे साडेतेवीस अंशांचा कल हे आहे. या कलामुळे डिसेंबरात आपल्याकडे सूर्यकिरण तिरपे पडतात आणि दिवसही लहान असतो. याच कारणाने दक्षिण गोलार्धात त्या वेळी भर उन्हाळा असतो.

पहाटेची उपासना चालविणाऱ्या पाळकांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली असेल. सर्वांत लहान दिवशी सूर्योदय सर्वांत उशिरा होतो असे नाही. आपल्याकडे सूर्यास्त सर्वांत लवकर होतो तो नोव्हेंबरच्या अखेरच्या सुमारास, आणि सूर्योदय सर्वांत उशिरा होतो तो जानेवारीच्या मध्याच्या आसपास.

इंदूर-ग्वाल्हेरकडील हिंदी भाषिक बंधू नाताळास 'बडा दिन' म्हणतात. 'बडा' याचा अर्थ थोर असा घेतला तर नाव यथार्थ आहे. लांबीने मोठा असा घेतला तर मात्र तो वर्षातील सर्वांत लहान दिवसांपैकी एक ठरतो. तेव्हापासून दिवस वाढू लागतो, एवढेच खरे.

मग मकरसंक्रांत जानेवारीत का, असेही कोणी विचारील. उत्तरायण खऱ्या अर्थाने डिसेंबरातच सुरू होते. संक्रांत मात्र नक्षत्रांच्या संदर्भाने मोजली जाते, आणि पृथ्वीच्या अक्षाच्या संथ भ्रमणामुळे हे दोन हिशेब सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस या गतीने परस्परांपासून दूर सरकतात. अंदाजे सतराशे वर्षांपूर्वी ते जवळजवळ एकत्र होते.

३. प्रभूचा जन्म २५ डिसेंबर रोजी झाला काय?

शास्त्र या बाबतीत मौन पाळते. मत्तय व लूक यांनी जन्माचे वृत्त दिले, परंतु महिना किंवा दिवस दिला नाही. ही गोष्ट प्रथम स्पष्टपणे सांगावी.

इतिहास काय सांगतो? इ. स. २००च्या सुमारास अलेक्झांड्रियाचे क्लेमेंत यांनी जन्मदिवसाविषयीची वेगवेगळी मते नोंदविली आहेत. त्यांपैकी एक मत तो दिवस आजच्या हिशेबाने २० मे रोजी मानणारे होते. २५ डिसेंबरची सर्वांत जुनी निश्चित नोंद रोम शहरातील आहे. इ. स. ३५४ मध्ये तयार केलेल्या एका पंचांगवजा ग्रंथात इ. स. ३३६ची एक यादी अंतर्भूत असून तीत हा दिवस ख्रिस्तजन्माचा म्हणून दिला आहे. अंत्युखियात संत योहान ख्रिसोस्तोम यांनी इ. स. ३८६ मध्ये या सणानिमित्त उपदेश केला. हा दिवस आपल्याकडे परिचित होऊन दहा वर्षेही झाली नाहीत, असे त्यांनी श्रोत्यांस सांगितले. म्हणजे ही तारीख पश्चिमेकडून पूर्वेकडे हळूहळू पसरली.

हीच तारीख का निवडली गेली, याविषयी दोन मते आहेत. पहिले मत सूर्योत्सवाचे. सम्राट ऑरेलियन याने इ. स. २७४ मध्ये रोमेत 'अजिंक्य सूर्या'चे मंदिर अर्पण केले, आणि वर सांगितलेल्या ३५४च्या ग्रंथातच २५ डिसेंबर हा त्या अजिंक्याचा जन्मदिवस म्हणूनही नोंदलेला आहे. दुसरे मत गणनेचे. प्रभूचे मरण २५ मार्च रोजी झाले, असे तर्तुल्यनसारखे लेखक मानीत. गर्भधारणा व मरण एकाच तारखेस घडले अशीही समजूत होती. तिचा उल्लेख संत ऑगस्टीन करतात. २५ मार्चपासून नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर येतो. या दोहोंपैकी कोणते कारण आधीचे, यावर विद्वानांत एकमत नाही.

म्हणून 'नाताळ हा मूळचा मूर्तिपूजकांचा सण' हे विधान जितके उतावीळपणाचे, तितकेच 'तारीख शास्त्रसिद्ध आहे' हे विधानही. येथे आणखी एक दुरुस्ती आवश्यक आहे. रोमी लोकांचा 'सॅटर्नेलिया' हा उत्सव २५ डिसेंबरचा होता असे पुष्कळ याद्यांत छापलेले असते. तो १७ डिसेंबरला सुरू होई व काही दिवस चाले. २५ हा त्याचा दिवस नव्हे.

४. एकाच गावात तीन नाताळ कसे?

खुद्द बेथलेहेमात नाताळ तीन वेळा साजरा होतो. रोमन कॅथोलिक व प्रॉटेस्टंट लोक २५ डिसेंबरला, ग्रीक ऑर्थोडॉक्स ७ जानेवारीला आणि आर्मेनियन १९ जानेवारीला तो पाळतात. याचे कारण श्रद्धेतील भेदापेक्षा दिनदर्शिकेत अधिक आहे. यूलियस कैसराची दिनदर्शिका दर चारशे वर्षांत सुमारे तीन दिवस मागे पडत असे. इ. स. १५८२ मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी ती सुधारली. त्या वर्षी ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर आला. जुन्या व नव्या हिशेबांतील अंतर आज तेरा दिवसांचे आहे. म्हणून ७ जानेवारीचा नाताळ पाळणारे लोकदेखील आपल्या हिशेबाने २५ डिसेंबरच पाळतात. आर्मेनियन मंडळीने जन्म व प्रकटीकरण यांचा ६ जानेवारीचा प्राचीन संयुक्त सण टिकवून धरला. त्यात तेरा मिळविले की १९ होतात.

इंग्लंडने नवी दिनदर्शिका १७५२ मध्ये स्वीकारली. त्यामुळे आयझॅक न्यूटन यांचा जन्म जुन्या हिशेबाने २५ डिसेंबर १६४२चा, तर नव्या हिशेबाने ४ जानेवारी १६४३चा ठरतो. स्पर्धेत दोन्ही उत्तरे ग्राह्य धरावीत. युक्रेनमध्ये २०२३ साली तेथील स्वतंत्र ऑर्थोडॉक्स मंडळीने व शासनाने नाताळ ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरवर आणला, ही या प्रश्नातील अलीकडची भर आहे.

५. बेथलेहेमात बर्फ पडतो काय?

क्वचित पडतो. बेथलेहेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७७५ मीटर उंचीवर आहे. बेळगावची उंचीही साधारणतः तितकीच. परंतु बेथलेहेमचा अक्षांश बेळगावच्या दुप्पट आहे, म्हणून तेथील हिवाळा अधिक कडक असतो. डिसेंबर २०१३ मध्ये त्या डोंगराळ भागात, यरुशलेमेत विशेषतः, मोठी हिमवृष्टी झाली होती. तथापि तो अपवाद होय. तेथील हिवाळ्याचे नेहमीचे लक्षण पाऊस हे आहे. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर या काळात येतो. तेथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात आरंभ होऊन डिसेंबर ते फेब्रुवारी हे भर पावसाचे दिवस असतात आणि एप्रिलच्या सुमारास तो थांबतो. शास्त्रातील पहिल्या व शेवटच्या पावसाचे उल्लेख वाचताना हा फरक शिकवणे अगत्याचे आहे. अन्यथा ऐकणाऱ्याच्या मनात आपलाच मृगाचा पाऊस उभा राहतो.

मेंढपाळ रात्री रानात होते (लूक २:८), म्हणून जन्म हिवाळ्यातला असूच शकत नाही, असा युक्तिवाद केला जातो. तो निर्णायक नाही. तेथे पावसानंतर, म्हणजे हिवाळ्यातच, गवत उगवते. या वचनावरून ऋतू सिद्धही होत नाही आणि खोडूनही काढता येत नाही.

६. शास्त्रात हिम कोठे आढळते?

हा प्रश्न आम्हांस विशेष उपयुक्त वाटतो, कारण त्याचे उत्तर पूर्णपणे शास्त्रातच आहे. हिमाच्या दिवशी गुहेत उतरून सिंहाला मारणारा वीर म्हणजे यहोयादाचा पुत्र बनाया (२ शमुवेल २३:२०). हिमाच्या भांडारांविषयीचा प्रश्न देव ईयोबाला विचारतो (ईयोब ३८:२२). हिमाला लोकरीची उपमा स्तोत्रकर्ता देतो (स्तोत्र १४७:१६). उन्हाळ्यातील हिम ही विसंगतीची खूण म्हणून नीतिसूत्रकार वापरतो (नीति. २६:१).

शुभवर्तमानांत मात्र जन्मवृत्तांतात हिमाचा एकही कण नाही. मत्तयाने हिमाची उपमा दिली आहे ती पुनरुत्थानाच्या सकाळी, देवदूताच्या वस्त्राला (मत्तय २८:३). आणि घटना सांगताना हिवाळा होता असे स्पष्ट लिहिले आहे ते योहानाने: यरुशलेमेत पुनःस्थापनेचा सण चालू असता येशू शलमोनाच्या देवडीत फिरत होता (योहान १०:२२-२३). हा यहूदी सण किसलेव महिन्याच्या २५ तारखेस सुरू होतो, म्हणजे बहुधा आपल्या डिसेंबरात. इ. स. पूर्व १६४च्या सुमारास यहूदा मक्काबी याने मंदिर शुद्ध करून पुन्हा अर्पण केले, त्याचे ते स्मरण आहे. प्रभूच्या जीवनातील डिसेंबरचा दिवस शास्त्रात शोधावयाचा असेल, तर तो या ठिकाणी सापडण्याचा संभव अधिक आहे.

हिमाविषयी निसर्गज्ञानाचाही एक प्रश्न घालावा. हिमकण षट्कोनी का असतो? इ. स. १६११ मध्ये योहानेस केप्लर यांनी नववर्षाची भेट म्हणून आपल्या एका आश्रयदात्यास या विषयावर छोटी पुस्तिका लिहून दिली. पाण्याचे रेणू गोठताना सहा बाजूंच्या जाळीत रचले जातात, हे त्याचे कारण पुढे विसाव्या शतकात स्पष्ट झाले. हिमकणाचे आपले पहिले छायाचित्र अमेरिकेतील व्हर्माँट येथील शेतकरी विल्सन बेंटली यांनी जानेवारी १८८५ मध्ये घेतले. त्यांनी आयुष्यभरात पाच हजारांहून अधिक हिमकणांची छायाचित्रे काढली.

७. मग हिमाचे चित्र आपल्याकडे आले कोठून?

ते उत्तर यूरोपातून आले. त्याचे मूळ शोधू लागले तर पुष्कळदा हिम वितळते. सांताक्लॉजच्या कथेमागील संत निकोलस हे चौथ्या शतकात मिरा येथील बिशप होते. ते गाव आजच्या तुर्कस्तानात, भूमध्य समुद्राजवळच्या उबदार प्रदेशात आहे. त्यांचा स्मरणदिन ६ डिसेंबर. प्रसिद्ध 'शांत रात्र' हे गीत प्रथम २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ गावच्या संत निकोलस मंदिरात गायिले गेले. शब्द योजेफ मोर यांचे व चाल फ्रांत्स झेवर ग्रूबर यांची. त्या डोंगराळ, थंड प्रदेशात रचलेल्या मूळ गीताच्या सहा कडव्यांत हिमाचा उल्लेख नाही. इ. स. १८४३ मध्ये लंडनला छापलेल्या पहिल्या नाताळ शुभेच्छापत्रावरही हिम नव्हते. मध्यभागी जेवावयास बसलेले कुटुंब आणि दोन्ही बाजूंस भुकेल्यांना अन्न व उघड्यांना वस्त्र देणारे लोक, असे ते चित्र होते.

गोठ्याच्या देखाव्यातील बैल व गाढव हेही लूकाच्या वृत्तांतात नाहीत. ते यशया १:३ वरून आले. तेथे आपल्या धन्याला व त्याच्या गव्हाणीला ओळखणारी ती जनावरे इस्राएलास लाजवितात. इ. स. १२२३च्या नाताळात असिसीचे संत फ्रान्सिस यांनी इटलीतील ग्रेच्चो गावी खरा बैल, खरे गाढव व गवत आणून उपासना केली, तेव्हापासून या देखाव्यास बळ मिळाले. मागी तीन होते असेही मत्तय सांगत नाही. देणग्या तीन होत्या एवढेच तो सांगतो, आणि ते घरात आले असे लिहितो (मत्तय २:११).

आपला स्वतःचा 'नाताळ' हा शब्ददेखील पाहण्याजोगा आहे. तो पोर्तुगीज 'नाताल्' म्हणजे जन्म यावरून गोव्यामार्गे मराठीत रुळला. हाच शब्द आफ्रिकेच्या नकाशावरही आहे: १४९७च्या नाताळात वास्को द गामाची गलबते ज्या किनाऱ्याजवळून गेली, त्या किनाऱ्याला त्याने नाताल हे नाव दिले. तेथे डिसेंबर हा उन्हाळा असतो. आणि इंग्लंडसारख्या थंड देशात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात येऊन मराठीत ख्रिस्तपुराण रचू लागले, तेव्हा मराठीच्या स्तुतीसाठी त्यांनी उपमा निवडली मोगऱ्याची. ते पुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले.

प्रश्न काढणाऱ्यांसाठी

कापसाचे हिम लावू नये किंवा बैल व गाढव देखाव्यातून काढून टाकावेत, असे आमचे म्हणणे नाही. रूढी ही रूढी म्हणून सांगितली की तिच्यात दोष उरत नाही. ती शास्त्र म्हणून सांगितली की दोन्हींचा मान जातो. आमची सूचना साधी आहे. यादी तयार करताना प्रत्येक उत्तरापुढे 'शास्त्र', 'इतिहास', 'निसर्ग' किंवा 'रूढी' यांपैकी एक शब्द लिहावा, आणि स्पर्धकाने उत्तराबरोबर तो शब्दही सांगितल्यास एक गुण अधिक द्यावा. नमुन्यादाखल:

गाव कोणते? बेथलेहेम. शास्त्र.
२५ डिसेंबरची सर्वांत जुनी नोंद कोठली? रोमची, इ. स. ३३६च्या यादीतील. इतिहास.
सर्वांत लहान दिवस कोणता? २१ किंवा २२ डिसेंबर. निसर्ग.
मागी किती? तीन. रूढी, शास्त्रात संख्या नाही.
बाळाला कोठे ठेविले? गव्हाणीत. शास्त्र.

हे शेवटचे उत्तर आपल्या खेड्यांतील मुलांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. त्यांनी हिम पाहिलेले नसते. गव्हाण रोज पाहिलेली असते.